दिवा आपला, डोळे समोरच्याचे

माझा भाचा पूर्णा गावातल्या एका गोदामात दुसऱ्या पाळीला असतो. रात्री बारा-साडेबाराला सुटतो आणि त्याची जुनी स्विफ्ट घेऊन ठाण्याला घरी जातो. मागच्या महिन्यात एका रविवारी तो माझ्याकडे एक खोका घेऊन आला. आत दोन बल्ब, दोन चपट्या धातूच्या डब्या आणि वायरींचं भेंडोळं. खोक्यावर निळ्या उजेडात न्हालेल्या गाडीचं चित्र आणि मोठ्या आकड्यांत '८०००'.

'मामू, एचआयडी घेतलेत. तुमचा तो ओळखीचा वायरमन आहे ना, त्याच्याकडून बसवून द्या. दुकानवाला बसवायचे वेगळे पैसे मागतोय.'

मी म्हटलं, 'बसवू नकोस.'

'का? तुम्ही नव्हते बसवले?'

बसवले होते. म्हणूनच हे लिहितोय.

आधी त्याची बाजू सांगतो, कारण ती खोटी नाही. ज्यांनी जुना आग्रा रोड रात्री पाहिलेला नाही त्यांना वाटेल, हा पोरगा शोबाजीसाठी दिवे लावतोय. बाळकुम सोडलं, कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ, आणि मग अंजूरफाटा. दोन्ही बाजूंना गोदामं. अख्ख्या मुंबईला घरपोच मिळणारा साबण, मोबाइल, चपला, पुस्तकं यांतलं पुष्कळसं इथल्याच शटरांमागून निघतं. मुंबई झोपते तेव्हा हा रस्ता जागा होतो. कंटेनर वळतात, टेम्पो उलटे लागतात, हमाल चहा प्यायला रस्ता ओलांडतात. २०१८ च्या डिसेंबरात ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं, म्हणजे मेट्रो ५ चं, भूमिपूजन झालं. त्यानंतर कित्येक वर्षं पत्रे, खांब, खोदकाम आणि वळवलेली वाहतूक हाच या रस्त्याचा चेहरा राहिला. पथदिवे कुठे आहेत, कुठे नाहीत, आहेत तिथे कधी लागतात, याचा नेम नाही. कडेला मागचा लाल दिवा नसलेला ट्रेलर उभा असतो. पावसाळ्यात खड्डा आणि डबकं यांतला फरक चाक आत गेल्यावरच कळतो.

अशा रस्त्यावर रात्री साडेबाराला गाडी चालवणाऱ्या पोराला पुढचं नीट दिसावंसं वाटलं, तर त्यात चूक काय? शिवाय त्याचा दुसरा मुद्दा होता, आणि तो जास्त टोकदार होता. 'मामू, समोरून येणाऱ्या प्रत्येकाने लावलेत. माझे डोळे रोज फुटतात. मग आपणच का अंधारात राहायचं?'

या प्रश्नाला 'कायद्याने बंदी आहे' हे उत्तर पुरत नाही. म्हणून त्याला बसवलं आणि बल्ब म्हणजे काय इथपासून सुरुवात केली.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत असतो तो एच-४ हॅलोजन. एकाच काचेत दोन तारा, एक लांबच्या उजेडाची आणि एक जवळच्या, म्हणजे अप्पर आणि डिप्पर. वॅट ६०/५५. डिप्परच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. बल्ब हातात घेऊन बघा, दिसेल. ही वाटी म्हणजे त्या बल्बमधली सगळी माणुसकी आहे. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते. त्यामुळे उजेड फक्त परावर्तकाच्या वरच्या भागावर पडतो आणि तिथून वळून खाली रस्त्यावर येतो. समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे गेला असता तो उजेड जन्मालाच येत नाही. तारेची लांबी, तिची जागा, वाटीचा कोन आणि मागच्या चकचकीत भांड्याचा आकार हे सगळं एकमेकांसाठी मोजून बनवलेलं असतं. अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक पडला तरी हिशोब बिघडतो.

एचआयडीमध्ये तारच नसते. गारगोटीच्या काचेची एक छोटीशी कुपी, तिच्यात झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार. दोन टोकांमध्ये वीस हजार व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा झटका देऊन ठिणगी पाडतात आणि मग ती ठिणगी तेवत ठेवतात. ते काम त्या चपट्या डबीचं, तिला बॅलास्ट म्हणतात. पेटल्यापेटल्या निळसर दिसतो, काही सेकंदांत क्षार तापले की पूर्ण उजेड. हे तंत्र गाडीत पहिल्यांदा आलं १९९१ साली, बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत. आणि तंत्र म्हणून ते उत्तमच आहे. हॅलोजनचा डिप्पर ५५ वॅट खाऊन साधारण १००० ल्यूमेन देतो. गाडीच्या कारखान्यातून बसून येणारा डी-२-एस जातीचा एचआयडी ३५ वॅटमध्ये ३२०० च्या आसपास देतो. कमी विजेत तिप्पट उजेड.

आता तिप्पट उजेडाची ती कुपी एच-४ साठी बनवलेल्या भांड्यात खुपसा. तारेच्या जागी तार नाही, ठिणगी आहे. तिचा आकार वेगळा, तिचा सगळ्यात तेजस्वी भाग वेगळ्या जागी. वाटी एक तर नाहीच, किंवा असली तरी दुकानातल्या किटला कशीबशी ठोकलेली. भांडं बिचारं त्याला शिकवलं तेवढंच करतं. आलेला उजेड जिथे फेकायचा तिथे फेकतं, आणि जिथे फेकायचा नव्हता तिथेही फेकतं. झाडांचे शेंडे उजळतात, गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावरची पाटी वाचता येते. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय दिसतंय! रस्त्यावर मात्र जिथे गरज आहे तिथे, म्हणजे साठ-सत्तर मीटर पुढे, उजेड पसरट आणि पातळ. बंपरसमोर पांढराशुभ्र गालिचा पडतो, आणि या गालिच्याने आपलेच डोळे आखडतात. लांबचं आणखी कमी दिसतं. म्हणजे पैसे देऊन आपण स्वतःलाही फसवतो.

युरोपने हे दिवे गाड्यांत येऊ दिले ते अटी घालून. २००० ल्यूमेनच्या वरचा दिवा असेल तर गाडी मागे ओझ्याने दबली तरी उजेडाची पातळी आपोआप खाली येणारी यंत्रणा हवी आणि हेडलाइटची काच धुणारा फवारा हवा. काचेवरच्या धुळीनेही उजेड विखुरतो म्हणून फवारा. आपल्याकडे स्कोडा सुपर्बसारख्या महागड्या गाड्यांत हा दिवा कंपनीतूनच यायचा तेव्हा त्याच्यासोबत भिंगाचा प्रोजेक्टर आणि बाकी सगळा सरंजाम यायचा. दुकानातल्या खोक्यात यातला फक्त बल्ब येतो. सरंजाम नाही.

मग तो '८०००' चा आकडा. भाच्याला वाटलं होतं, आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त. दुकानदारानेही तसंच सांगितलं असणार, मलाही तेव्हा तसंच सांगितलं होतं. हा आकडा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आहे. हॅलोजन ३२०० च्या आसपास, पिवळसर. कारखान्यातून येणारा एचआयडी ४३०० च्या आसपास, पांढरा. तिथून वर गेलात की निळेपणा वाढतो आणि उजेड कमी होत जातो. ६००० ला थोडा कमी, ८००० ला बराच कमी. १०,००० आणि १२,००० हे लग्नाच्या मांडवाचे रंग आहेत, रस्त्याचे नाहीत. तेव्हा ज्याच्या गाडीत कंपनीचाच एचआयडी आहे आणि बल्ब बदलायची वेळ आली आहे, त्याने डोळे मिटून ४३०० घ्यावा. फार तर ५०००. फिलिप्स, ओसराम अशा बल्ब बनवणाऱ्यांचाच घ्यावा, आणि जुन्या बल्बच्या बुडाशी जी अक्षरं आहेत तीच नव्यावर आहेत ना ते बघावं. डी-१ च्या जागी डी-३ किंवा डी-२ च्या जागी डी-४ चालत नाही. पहिल्या दोघांत पारा असतो आणि त्यांना चालताना ८५ व्होल्ट लागतात. नंतरच्या दोघांत पारा नाही, त्यांना ४२. बल्ब दोन्ही एकदम बदलावेत, कारण एचआयडी एका रात्रीत मरण्याऐवजी बहुधा हळूहळू रंग बदलत म्हातारा होतो, आणि एक नवा एक जुना लावला की गाडी तिरळी दिसते. काचेला बोट लावू नये. आणि बॅलास्टच्या वाटेला, दिवा चालू असताना, अजिबात जाऊ नये. वीस हजार व्होल्ट म्हणजे थट्टा नाही.

ज्याच्या गाडीत कंपनीचा एचआयडी नाही, त्याच्यासाठी माझी शिफारस एका शब्दाची आहे: नको.

पावसाबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे चार महिने तोच प्रश्न. सगळे म्हणतात, पांढरा दिवा पावसात मरतो, पिवळा बरा. यात अर्धं खरं आहे. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो. आपण टाकलेला उजेड परत आपल्याकडे येण्याऐवजी पुढे निसटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यामुळे कुठल्याही रंगाचा दिवा असला तरी आपल्याला रस्ता काळाच दिसतो. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की त्यांना पिवळ्या-निळ्याचं फारसं सोयरसुतक नसतं. पण डोळ्याला असतं. निळसर उजेड जास्त खुपतो, हे तर कुणीही सांगेल. आणि पन्नाशीनंतर फारच खुपतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, असं डोळ्यांचे अभ्यासक सांगतात. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर आलेला उजेड डोळ्यातल्या डोळ्यातच विखुरतो. मला आता ते कळतंय. समोरून पांढरा दिवा आला की सगळं दृश्य दूध सांडल्यासारखं होतं. गाडी गेल्यावरही दोन-तीन सेकंद ते दूध पुसलं जात नाही. ताशी ४० च्या वेगाने तीन सेकंद म्हणजे ३३ मीटर. तेवढं अंतर मी रोज आंधळा जातो, आणि अल्लाच्या भरवशावर जातो.

तर माझी गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे वॅगन-आर होती. मित्राने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किट आणून दिलं, आठ हजारवालंच, आणि मी ते बसवून घेतलं. पहिले काही दिवस मी कारणाशिवाय रात्री बाहेर पडत होतो. खोटं कशाला बोलू, मजा यायची. समोरचे लोक डिपर मारायचे. मी म्हणायचो, मी डिप्परवरच आहे बाबा, काय करू?

रमजानचे दिवस होते. ठाण्याला एका नातलगाकडे इफ्तार, तिथेच तरावीह, आणि मग उशिरा भिवंडीकडे परत. काल्हेर सोडून पूर्णा गावाच्या जवळ आलो होतो. समोरून सायकलवर एक माणूस येत होता. सायकलला दिवा नाही, हँडलला डब्याची पिशवी. माझा उजेड त्याच्यावर पडला आणि त्याने डोळ्यांसमोर हात धरला. तुम्हीही धरला असता. एक हात हँडलवर, एक डोळ्यांवर. तसाच तो डावीकडे कलला आणि कडेच्या उघड्या गटारात गेला. मी धक्का दिला नाही. माझी गाडी त्याच्यापासून चांगली दहा-पंधरा फूट लांब होती. कुठल्याही पंचनाम्यात माझं नाव आलं नसतं.

गाडी थांबवली, दोघा-तिघांनी मिळून त्याला वर काढलं. मनगट मोडलं होतं. यंत्रमागावर काम करणारा, उत्तर प्रदेशातला माणूस. रात्रपाळीला निघाला होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो माझीच माफी मागत होता. 'साहब, अचानक कुछ दिखा ही नहीं. गलती मेरी है.' मी त्याला सांगितलं नाही की गलती कुणाची आहे. प्लास्टर झाल्यावरही सांगितलं नाही. मागावर मजुरी मीटरवर मिळते. कापड निघालं तर पैसे, नाही तर नाही. मोडलेल्या मनगटाने तुटलेला धागा जोडता येत नाही. सहा आठवडे त्याचा माग दुसऱ्याने चालवला. मी दवाखान्याचं बिल भरलं आणि वर काही पैसे दिले. त्याने ते मदत म्हणून घेतले आणि दुआ दिली. त्या दुआचं ओझं अजून उतरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी किट काढलं. हे सांगताना मला मोठेपणा घ्यायचा नाही. तो माणूस पडला नसता तर मी ते आजही वापरत असतो.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे, आणि बराच स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम याच गोष्टीचा आहे. गाडीच्या पुढच्या दिव्याचा झोत कायमचा खाली वळलेला हवा. इतका, की दिव्यापासून ८ मीटरवर, उजव्या बाजूला अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. दीड मीटर! नियम लिहिणाऱ्याने तिथे एक माणूस उभा केला आहे. पायी चालणारा किंवा सायकलवर बसलेला, साधारण आपल्याएवढाच. माझ्या लहानपणी ट्रक-टेम्पोंच्या हेडलाइटचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवलेला दिसायचा. तो रंग म्हणजे त्याच माणसासाठी केलेली देशी तजवीज होती. आता तो रंग दिसत नाही, आणि ट्रकच्या मागे लिहिलेलं 'यूज डिपर अ‍ॅट नाइट' हे निव्वळ नक्षीकाम झालं आहे.

गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहेच. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पण हेल्मेट दिवसा दिसतं, सीटबेल्ट दिवसा दिसतो, दिव्याचा गुन्हा फक्त रात्री दिसतो. आणि रात्री या रस्त्यावर तपासणारं कोण असतं? दुकानात ते किट उघड विकलं जातं, पावतीसकट. विकणाऱ्याला काही नाही, बसवणाऱ्याला काही नाही. हे मला पटत नाही. नाक्यावर गोदामातल्या पोराला पकडून पाच हजार घेण्याआधी ज्या काउंटरवर ते विकलं गेलं तिथे जा.

कुणी म्हणेल, आता एचआयडीचा जमाना गेला, एलईडी आले. दुकानदारही हेच म्हणतात. रोग तोच आहे, औषधाचं नाव बदललंय. तारेसाठी बनवलेल्या भांड्यात एलईडीची पट्टी बसवली तरी भांड्याचा हिशोब बिघडतोच. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली. पण ठरावीक बल्ब, ठरावीक गाड्या, प्रत्येक जोडी तपासून. आपल्याकडे 'सगळ्या गाड्यांना बसतो' हीच त्याची जाहिरात असते.

आता भाच्याच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. आपणच का अंधारात राहायचं?

मी हा प्रश्न बराच काळ डोक्यात घोळवला आहे. रस्त्यावर दिवा लावणं हे सरकारचं काम. पूर्णा, काल्हेर, राहनाळ ही गावं महापालिकेच्या हद्दीबाहेर. ग्रामपंचायत म्हणते आमच्याकडे पैसा नाही, रस्ता ज्याचा आहे तो म्हणतो काम चालू आहे, काम करणारा म्हणतो वळणाची पाटी लावली आहे. त्या पाटीवर उजेड कुणी पाडायचा, हे कुणीच सांगत नाही. मग प्रत्येकजण आपापल्या पुढ्यात आपापला सूर्य बांधून निघतो. ज्याला परवडतं त्याचा सूर्य मोठा. याने सामाईक अंधार कमी होत नाही. तो गाडीवाल्याच्या पुढून उचलून सायकलवाल्याच्या डोळ्यांत नेऊन टाकला जातो. दुचाकींना २०१७ च्या एप्रिलपासून सतत चालू राहणारा हेडलाइट सक्तीचा झाला. सायकलला आणि पायांना कसलाच दिवा नाही. या रस्त्यावर सगळ्यात जास्त संख्या त्यांचीच आहे, आणि 'पथदिवा लावा' असा अर्ज घेऊन ते कुठल्या कार्यालयात जाणार? आपण जाऊ शकतो. पण आपल्याकडे एचआयडी असल्यामुळे आपल्याला जाण्याची गरज वाटत नाही. गोदाममालकांनाही नाही, त्यांच्या आवारात दिवसासारखा उजेड असतो.

आमच्याकडे लहानपणी मदरशात शिकवतात की रस्त्यातली इजा बाजूला करणं हीसुद्धा ईमानची एक शाखा आहे. आम्ही ते काटा किंवा दगड उचलण्यापुरतं समजत आलो. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांनी रस्त्याचा हक्क अदा करावा, अशीही शिकवण आहे. त्यात नजर खाली ठेवणं येतं, कुणाला तकलीफ न देणं येतं, सलामला जवाब देणं येतं. आता गंमत बघा. नजर खाली ठेवणं म्हणजे डिप्पर. समोरच्याने त्याचा झोत खाली केला की आपणही करणं, हा सलामचा जवाब. एखादा मौलाना याला ओढूनताणून लावलेला अर्थ म्हणेल. म्हणू दे. शुक्रवारी मशिदीबाहेर अर्ध्या रस्त्यात गाड्या लावणाऱ्या आमच्याच भावांना मी रस्त्याचा हक्क सांगायला गेलो, तेव्हाही तेच ऐकलं होतं.

भाच्याला म्हटलं, 'चल, तुझ्या गाडीला काय झालंय ते बघू.'

काच पिवळी पडली होती, उन्हाने प्लास्टिकची साय धरते तशी. ती घासून, पॉलिश करून घेतली. मग वायरमनने बल्बच्या सॉकेटवर मीटर लावला. बॅटरीवर पुरेसा दाब, पण बल्बपर्यंत पोचेस्तोवर दीड व्होल्ट गायब. जुन्या गाडीत बारीक वायर, स्विचमधून फिरून येणारा करंट आणि गंजलेली अर्थिंग यांनी असं होतं. हॅलोजनचा उजेड दाबाबरोबर सरळ हिशोबाने कमी होत नाही, फार जोरात कमी होतो. दाब एक दशांश घटला की उजेड जवळपास तीस टक्के जातो. म्हणजे पोरगा दोन तृतीयांश दिव्यावर गाडी चालवत होता आणि दोष बल्बला देत होता. रिले टाकून बॅटरीपासून जाड वायर ओढली, अर्थिंग साफ केली, आणि चांगल्या कंपनीचे ६०/५५ चेच नवे बल्ब घातले. १००/९० वाले घालू नका. सॉकेट वितळतं, आणि समोरच्याला त्रास आहेच.

डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या बाजूला शून्य ते तीन आकड्यांची एक छोटी चकती असते. पुष्कळ गाड्यांत असते आणि पुष्कळांना ती कशाची हे ठाऊक नसतं. मागे माणसं-सामान बसलं की गाडीचं नाक वर उठतं, तेव्हा झोत खाली आणायला ती आहे. भाच्याने चार वर्षांत तिला हात लावला नव्हता.

शेवटी दिवे जुळवणं राहिलं. त्यासाठी सपाट जमीन आणि उभी भिंत लागते. पूर्णा गावात दोन्ही मुबलक. त्याच्याच गोदामाच्या मागच्या भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी केली. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजली, भिंतीवर खडूने तेवढ्याच उंचीवर रेघ मारली आणि तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. डिप्परच्या उजेडाची वरची कडा या दुसऱ्या रेघेवर यायला हवी. डावा दिवा जवळपास बरोबर होता. उजवा, म्हणजे समोरच्याच्या बाजूचा, रेघेच्या चांगला वीतभर वर. वॉचमन चाचा स्क्रू पिळायला बसले, मी भिंतीजवळ उभा राहून 'अजून खाली, अजून' करत होतो. पंधरा मिनिटांचं काम.

त्या रात्री भाचा मला सोडायला आला. राहनाळपर्यंत रस्ता दिसत होता. लख्ख नाही, पण खड्डे कळत होते, कडेने चालणारी माणसं कळत होती. समोरून एक पांढराफटक दिवा आला आणि दोघांचेही डोळे मिटले. भाचा काही बोलला नाही, मीही नाही.

खोका अजून त्याच्या कपाटावर आहे. दुकानदार परत घ्यायला तयार नाही, 'सील तोडलंय' म्हणतो. गोदामातला एक सहकारी अर्ध्या किमतीत मागतोय. मी म्हटलं, विकू नकोस. त्यावर भाचा म्हणाला, 'मामू, तीन हजार गेलेत माझे.' अजून विचार करतोय.